सोलापुरातनं कोकणात, भर पावसात, सायकलवर: पहिल्यांदा निघणाऱ्या ग्रुपसाठी

जुलै लागला की कोणी ना कोणी विचारतंच, आम्ही पाच-सहाजण सायकलवर कोकणात जायचं म्हणतोय, पावसात, टेन्ट घेऊन, काय काय लागेल. प्रत्येकाला तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो. हे सगळं सोलापूरच्या माणसाच्या हिशोबानं लिहिलंय, कारण पुण्या-मुंबईच्या लोकांना पावसाची सवय असते, आपल्याला नसते. आपल्याकडं अख्ख्या वर्षात साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तर चांगलं वर्ष म्हणायचं, आणि हवामान खातं ज्याला 'अत्यंत मुसळधार' म्हणतं तो चोवीस तासांत २०४ मिलिमीटरच्या वरचा पाऊस, म्हणजे आपला वर्षाचा एक तृतीयांश पाऊस एका दिवसात. कोकणात आणि घाटमाथ्यावर असे दिवस येतात. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा, बाकी सगळं तिच्यावरनं ठरतं: दिवसा तुम्ही भिजणारच, कितीही भारी जॅकेट घ्या, त्यामुळं दिवसा कोरडं राहायच्या नादाला लागू नका, सगळी ताकद रात्रीचं कोरडं जपायला लावा. एक कपड्याचा जोड, एक पांघरूण आणि झोपायची जागा, एवढं कोरडं राहिलं की माणूस सकाळी परत ओले कपडे घालून हसत सायकलवर बसतो. ते भिजलं की दुसऱ्याच दिवशी ग्रुपमध्ये भांडणं चालू होतात, मी बघितलंय.

कधी जायचं

जुलैमध्ये पहिल्यांदा जाऊ नका. पाऊस भयंकर असतो, दरडी पडतात, घाट बंद होतात. १५ ऑगस्टनंतर ते सप्टेंबरअखेर हा काळ नवीन लोकांसाठी बरा, पाऊस असतोच पण मध्ये मध्ये उघडीप मिळते, धबधबे चालू असतात, भात हिरवंगार असतं. आणखी एक कारण म्हणजे मासे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ऑगस्टात होड्या परत समुद्रात जायला लागल्या की खानावळीत ताजं मिळायला लागतं, आणि दिवसभर सायकल मारून आल्यावर सुरमई नाहीतर बांगडा पानात आला की काय वाटतं ते सांगून कळायचं नाही.

गणपतीच्या आधीचे तीन-चार दिवस मात्र टाळा. सगळा मुंबईचा चाकरमानी गावाला येत असतो, मुंबई-गोवा हायवेवर आणि घाटात गाड्यांची रांग, त्यात सायकल घालणं धोक्याचं आहे.

निघायच्या आठवड्यात रोज हवामान खात्याचा अंदाज बघा, सिंधुदुर्ग जिल्ह्याचा वेगळा आणि कोल्हापूरच्या घाटमाथ्याचा वेगळा. यलो अलर्ट असेल तर जाता येतं. ऑरेंज असेल तर जिथं आहात तिथंच थांबा, घाटात उतरू नका. रेड असेल तर ट्रिप पुढं ढकला, टेम्पोचा ॲडव्हान्स गेला तर जाऊ दे. आणि कोल्हापुरात पंचगंगेची पातळी किती आहे ते विचारा, राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. ३९ च्या जवळपास आली की आजूबाजूचे रस्ते पाण्याखाली जायला लागतात, मग तुमचा प्लॅन कितीही चांगला असू दे.

कुठून कुठं

सोलापूरपासून सायकल मारत जायची गरज नाही. मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूर साधारण २२५ किलोमीटर आहे, सगळा हायवे, ट्रकची रहदारी, आणि यात दोन दिवस आणि अर्धी ताकद जाते. एक छोटा हत्ती टेम्पो ठरवा, त्यात आठ सायकली जुन्या गाद्या नाहीतर गोणपाट मध्ये घालून नीट बसतात (पेडल काढून टाका, नाहीतर एकाचं पेडल दुसऱ्याच्या स्पोकमध्ये घुसतं), माणसं एसटीनं. रात्री निघून पहाटे कोल्हापूर.

पुढचा रस्ता मी नवीन लोकांना हाच सांगतो:

पहिला दिवस कोल्हापूर ते राधानगरी, पन्नास-पंचावन्न किलोमीटर, ऊस आणि भात बघत बघत, हळूहळू चढ.
दुसरा दिवस राधानगरी, दाजीपूर, मग फोंडा घाट उतरून फोंडाघाट गाव, जमलं तर कणकवलीपर्यंत. जंगलाचा दिवस हाच.
तिसरा दिवस कणकवली ते मालवण, ४५ च्या आसपास.
चौथा दिवस मालवण ते वेंगुर्ला, चौके, धामापूरचा तलाव, नेरुरपारचा पूल असं करत, साधारण पन्नास. अंतर कमी दिसतं पण कोकणातला रस्ता सपाट नसतोच, खाडीपर्यंत उतरायचं आणि परत चढायचं, दिवसभर तेच.
पाचवा दिवस वेंगुर्ला ते सावंतवाडी, तीसच्या आत, तिथं टेम्पो बोलवून घ्यायचा आणि घरी.

घाट आपण फक्त उतरतोय, चढत नाही, हे मुद्दाम आहे. लोडेड सायकल घेऊन पावसात घाट चढणं पहिल्या ट्रिपला नको.

राधानगरीला धरण नक्की बघा. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं, आणि त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ठरलेल्या पातळीला आलं की ते पाण्याच्याच दाबानं आपोआप उघडतात, वीज नाही, बटण नाही. उजनीचं पाणी कधी सुटणार याची वाट बघत मोठा झालेला माणूस मी, मला तिथून हलवत नव्हतं.

राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं, गव्यांसाठी प्रसिद्ध, आणि पश्चिम घाटाच्या ज्या जागा २०१२ साली जागतिक वारशात घेतल्या त्यातली ही एक. पावसाळ्यात आतल्या वाटा पर्यटकांना बंद असतात. आपण मेन रोडनं जातो, तो चालू असतो, पण रस्ता सोडून आत शिरायचं नाही आणि अभयारण्यात कुठंही टेन्ट टाकायचा नाही, परवानगीशिवाय तो गुन्हा आहे. गवा रस्त्यावर दिसला तर थांबा. लांब थांबा. घंटी वाजवू नका, शिट्टी मारू नका, फोटोसाठी पुढं जाऊ नका, तो त्याच्या मनानं जातो, कधी दोन मिनिटात, कधी वीस.

सराव

सहा आठवडे तरी द्या. सोलापूरची अडचण अशी की आपला रस्ता सपाट आणि कोरडा, होटगी रोडनं कितीही किलोमीटर मारले तरी घाटाची तयारी होत नाही. चढ-उताराला आपल्याकडं तुळजापूर आहे. पहाटे पाचला निघायचं, एकरुख तलावाच्या कडेनं जायचं, वरचा घाट चढायचा, देवीला नमस्कार करायचा आणि परत, जाऊन येऊन नव्वद किलोमीटर होतात. हे आधी रिकाम्या सायकलनं करा, मग कॅरियरला दोन्ही बाजूला पाच-पाच किलो तांदूळ नाहीतर पाण्याच्या बाटल्या बांधून करा. लोड टाकला की सायकल वेगळीच वागते, वळताना ढकलल्यासारखं होतं, ब्रेक उशिरा लागतो, हे घाटात पहिल्यांदा कळायला नको.

आणि एकदा तरी शनिवार-रविवार लागोपाठ चालवा. एक दिवस कोणीही ८० मारतं, दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसवत नाही तेव्हा खरं कळतं.

सायकल

महागडी लागत नाही. हायब्रिड, जुनी एमटीबी (माउंटन बाइक), काहीही चालेल, फक्त गिअर असावेत आणि कॅरियर घट्ट बसणारा असावा. टायर ३५ ते ४० मिलिमीटरचे, घासून गुळगुळीत झालेले नकोत. मडगार्ड दोन्हीकडं लावा, ते नसतील तर मागच्या चाकाचा चिखल तुमच्या पाठीवर आणि तुमच्या मागच्याच्या तोंडावर.

ब्रेकबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथंच माणसं पडतात.

डिस्क ब्रेक असतील तर उत्तमच, पॅड नवीन टाकून घ्या. साधे रिमवरचे ब्रेक असतील तरी जाता येतं, पण दोन गोष्टी समजून घ्या. एक, रिम ओली असली की ब्रेक दाबल्या दाबल्या लागत नाही, चाकाचा आधी एखादा फेरा पाणी पुसण्यात जातो आणि मग पकड येते, त्यामुळं वळणाच्या आधी, लांबूनच, हलकं दाबायला सुरुवात करायची. दोन, पावसात रस्त्यावरची बारीक रेती रिमला चिकटते आणि ती पॉलिश पेपरसारखी ब्रेकचे शू, म्हणजे रिमला दाबणारे रबरी ठोकळे, खाते. पहिल्या वर्षी फोंडा घाटात आमच्यातल्या एकाच्या सायकलचा आवाज बदलला, आधी सर्र सर्र होतं ते खर्र खर्र झालं, आम्ही म्हटलं चिखल असेल, चल की. अजून दोन वळणं उतरल्यावर तो स्वतःच ओरडला की ब्रेक पार हँडलला टेकतोय. झाडाखाली थांबवून बघितलं तर रिमवरनं काळंराखाडी पाणी गळत होतं, बोट लावलं तर त्यात ॲल्युमिनियमचा चुरा चमकत होता, आणि मागच्या शूचं रबर संपून आतलं लोखंड रिमला घासत होतं. सोलापुरातनं निघताना ते शू जवळपास नवे होते. जवळ जादाचे शू होते म्हणून वाचलो, थरथरत्या हातानं ॲलन की फिरवत अर्धा तास गेला. तेव्हापासून नियम: रिम ब्रेकवाल्या प्रत्येकानं शूच्या दोन जोड्या जवळ ठेवायच्या, घाटाच्या वरती थांबून सगळ्यांचे ब्रेक तपासायचे, आणि उतरताना आवाज बदलला की लगेच थांबायचं.

चेनला ओल्या हवेचं तेल, म्हणजे वेट ल्यूब घ्या. कोकणातली लाल माती चेनमध्ये गेली की किरकिर चालू होते. रोज मुक्कामाला पोचलं की आधी चहा नाही, आधी चेन फडक्यानं पुसायची, थेंब थेंब तेल सोडायचं, मग चहा. पाच मिनिटाचं काम आहे.

पंक्चर: पावसात पॅच चिकटत नाही, कितीही घासा. म्हणून प्रत्येकाकडं दोन ट्यूब पाहिजेत, रस्त्यात ट्यूब बदलायची आणि पंक्चर रात्री कोरड्यात काढायचं. टायरच्या आतनं बोट फिरवून काटा, काच काढायला विसरू नका. ग्रुपमध्ये मिळून एक पंप, टायर लिव्हर, ॲलन की सेट, चेनची जादा लिंक, गिअर आणि ब्रेक केबल एकेक, इन्सुलेशन टेप, झिप टाय, एवढं बास.

सामान

प्रत्येकी दहा-बारा किलोच्या वर नको. जड वस्तू खाली आणि कॅरियरला लागून, दोन्ही बाजूला वजन सारखं. पाठीवर सॅक घेऊन सायकल चालवू नका, दोन तासात पाठ आणि मान जाते.

वॉटरप्रूफ पॅनियर, म्हणजे कॅरियरच्या दोन्ही बाजूला लावायच्या बॅगा, महाग असतात. आम्ही साध्या बॅगा वापरतो आणि आत खताच्या किंवा बियाण्याच्या जाड प्लास्टिक पिशव्या धुऊन घालतो, तोंड पिळून, दुमडून, रबरानं बांधायचं. पावसाचं कव्हर वरनं असलं तरी आतली पिशवी पाहिजेच, कारण मागच्या चाकाचं पाणी खालनं येतं.

आता चादर. हे सोलापूरकरांना सांगायलाच लागतं. सोलापुरी चादर घरी ठेवा. आमच्यातल्या एकाच्या आईनं प्रेमानं घडी घालून दिलेली, त्याला नाही म्हणवलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी पिशवीला भोक पडून ती भिजली. सुती, जाड, एकदा पाणी प्याली की तिला पिळायला दोन माणसं लागतात, आणि ती शेवटपर्यंत वाळली नाही, त्यानं ती तशीच ओली, वास मारत, सावंतवाडीपर्यंत वाहून नेली, टाकवत नव्हती ना. त्याऐवजी पातळ सिंथेटिक स्लीपिंग बॅग नाहीतर फ्लीसची शाल. टॉवेलही जाड टर्किश नको, आपल्या चाटी गल्लीत पातळ पंचा मिळतो तो घ्या, पिळला की तासात निम्मा वाळतो.

कपड्यांचंही तेच, जीन्स नको, सुती टीशर्ट नको. सायकल चालवायला पॉलिस्टरचे दोन जोड, आणि तिसरा जोड फक्त रात्रीचा. हा तिसरा जोड दिवसा घालायचा नाही, कितीही थंडी वाजली, कितीही गयावया केली तरी. सकाळी अंगावरचा कोरडा जोड काढून कालचा ओला, गार जोड घालणं हा या ट्रिपमधला सगळ्यात वाईट क्षण, पण पहिल्या दोन किलोमीटरमध्ये अंग गरम होतं.

पोंचो, म्हणजे डोक्यावरनं घालायचा सैल रेनकोट, नको, वारा भरला की शीड होतं आणि सायकल खेचते. आखूड रेन जॅकेट घ्या, पिवळं किंवा केशरी, धुक्यात गाडीवाल्याला दिसलं पाहिजे. मागं लाल ब्लिंकर, पुढं लाइट, दोन्ही दिवसाही चालू. बुटापेक्षा पट्ट्याची सँडल बरी, बूट भिजला की पाच दिवस भिजलेलाच. पाय रोज रात्री पुसून, बोटांच्या मध्ये पावडर टाकून झोपा, नाहीतर चिखल्या होतात. मांड्यांना घासतं तिथं व्हॅसलीन सकाळीच लावा, घासल्यावर लावून उपयोग नाही.

खाणं

दुपारी खानावळीत जेवा, रात्री आणि सकाळी आपलं. आणि इथं आपण सोलापूरवाले श्रीमंत आहोत. कडक ज्वारीची भाकरी आणि शेंगा चटणी, याच्यापेक्षा टूरचं खाणं जगात नसेल, वजन कमी, शिजवायचं नाही, पोटभर, आणि आठवडाभर काही होत नाही. फक्त एक, कोकणाची हवा इतकी दमट की भाकरी उघडी राहिली तर संध्याकाळपर्यंत वातड होते, त्यामुळं डबा नाहीतर दुहेरी पिशवी. चटणीत लसूण आहे, तेल सुटलेलं आहे, तिला काही होत नाही. गरम पाण्यात भाकरी कुस्करायची, वर चटणी, थोडं मीठ, दहा मिनिटात आठ माणसं जेवतात.

राधानगरी सोडलं की दाजीपूरच्या पुढं घाट उतरेपर्यंत दुकानाच्या भरवशावर राहू नका, पाणी आणि खाऊ राधानगरीतच भरा. कोकणात उतरल्यावर सकाळी कुणाच्या घरी उकड्या तांदळाची पेज मिळाली तर सोडू नका, मीठ घालून गरम पेज आणि बरोबर लोणचं, गारठलेल्या माणसाला तिच्यासारखं दुसरं काही नाही. कुळथाची पिठीही तशीच.

छोटा गॅस स्टोव्ह नेत असाल तर टेन्टच्या आत कधीच पेटवू नका. पाऊस कितीही असो. आग एक भीती आणि बंद जागेत तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड दुसरी, त्याला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

टेन्ट

तीन माणसांचा टेन्ट दोघांत घ्या, बॅगा आत ठेवायच्या असतात. दुहेरी थराचाच घ्या, बाहेरचं कव्हर जमिनीपर्यंत येणारं. आणि बरोबर एक मोठी ताडपत्री, मार्केट यार्डात कांद्यावर टाकतात तसली, बारा बाय पंधरा फुटांची. माझ्या मते ग्रुपमध्ये सगळ्यात कामाची वस्तू हीच.

घरी एकदा गच्चीवर टेन्ट उभा करून बघा, आणि वरनं पाणी ओता. आपल्याकडं पाणी रोज येत नाही, त्यामुळं ज्या दिवशी येईल त्या दिवशी दोन बादल्या याच्यासाठी बाजूला काढा. कुठली शिवण गळते ते तिथंच कळतं, सीम सीलरची ट्यूब मिळते ती आतनं लावा आणि एक दिवस वाळू द्या.

पावसात उभारायची रीत अशी. आधी ताडपत्री दोन झाडांमध्ये दोरीनं बांधायची, एक बाजू उतरती ठेवायची म्हणजे पाणी साठून पोट येत नाही. सगळे तिच्याखाली. मग तिच्याखालीच एकेक टेन्ट उभा करायचा, दोघांनी धरून बाहेर न्यायचा आणि ठोकायचा. खाली टाकायचं प्लास्टिक टेन्टच्या तळापेक्षा चार बोटं लहान पाहिजे, कडेला बाहेर आलं की पाऊस त्याच्यावर पडून सरळ तुमच्या पाठीखाली येतो. ही चूक पहिल्यांदा सगळेच करतात. ओले कपडे ताडपत्रीखाली काढायचे, अंग पुसायचं, मगच टेन्टमध्ये पाय टाकायचा. आत ओलं काही न्यायचं नाही, मोजेसुद्धा नाही. सकाळी आतल्या बाजूनं थेंब दिसले तर टेन्ट गळतोय असं समजू नका, तुमच्याच श्वासाची वाफ असते ती, म्हणून वरची झडप रात्रभर थोडी उघडी ठेवा.

जागा कुठं नको ते आधी सांगतो. नारळाखाली नको, पावसा-वाऱ्यात नारळ आणि झावळ्या पडतात आणि डोक्यात पडला तर विषय संपला. व्हाळाच्या काठाला नको, व्हाळ म्हणजे ओढा, तिथं पाऊस नसला तरी वर डोंगरात पडला की बघता बघता भरतो. दरडीच्या पायथ्याला नको. समुद्राच्या वाळूत नको, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी कुठपर्यंत येतं ते आपल्याला कळत नाही. कातळावर खुंटी जात नाही, तिथं जांभ्याचे चिरे शोधून त्यांना दोऱ्या बांधायच्या.

मग कुठं? गावात. उजेड असताना, पाचच्या आत गावात पोचायचं, पोलीस पाटील किंवा सरपंचांना भेटायचं, कोण आहोत, कुठून आलो, सकाळी कधी जाणार ते सांगायचं आणि शाळेचा व्हरांडा, देवळाचा सभामंडप नाहीतर कुणाच्या तरी घरासमोरचं खळं मागायचं. हातात सायकल आणि अंगावर चिखल बघून माणसं नाही म्हणत नाहीत. फोंडाघाटाच्या पुढं एका घरासमोर आम्ही विचारायला थांबलो तर एक आजी दारातनं म्हणाल्या, "खंयसून इलात?" सोलापूर म्हटल्यावर त्यांनी आधी सायकलींकडं बघितलं, मग आमच्याकडं. "ह्या पावसात भायर कित्याक, पडवेत झोपा." त्या रात्री टेन्ट काढलेच नाहीत, पडवीत ओळीनं आठजण, कौलांवर पाऊस, आणि सकाळी आजींनी पेज दिली. पैसे देत होतो तर घेतले नाहीत, मग शेंगा चटणीचं एक पाकीट ठेवलं, ते घेतलं. त्यामुळं चटणीची चार-पाच पाकिटं जादाच घ्या.

पाय घरात नेण्याआधी धुवा, जागा झाडून द्या, कचरा बरोबर घेऊन चला. तुमच्या नंतर येणाऱ्याला तीच पडवी मिळायला पाहिजे.

रस्त्यावर ग्रुपनं कसं चालायचं

सहा ते आठजण, त्याच्यावर नको. सगळ्यात पुढं रस्ता माहीत असलेला, सगळ्यात मागं सगळ्यात दमदार आणि शांत डोक्याचा माणूस, त्याच्याकडं सायकलची हत्यारं आणि फर्स्ट एड. मागच्याच्या मागं कोणी नाही आणि पुढच्याच्या पुढं कोणी नाही, हे शपथेसारखं पाळा. वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. त्याला "चल लवकर" म्हणायचं नाही, दमलेला माणूस पावसात घाई करतो आणि पडतो.

फाटा आला की पुढच्यानं थांबायचं, मागचा माणूस डोळ्यांनी दिसेपर्यंत हलायचं नाही. दाजीपूरच्या पट्ट्यात मोबाईलला रेंज नसते, "फोन करतो" हे तिथं चालत नाही. नकाशा ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा आणि प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी: एक म्हणजे थांबा, तीन म्हणजे अडचण.

घाट उतरताना दोन सायकलींमध्ये बसची लांबी तरी ठेवा, तीन-चार बसची असली तर अजून चांगलं. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. पुढचा-मागचा दोन्ही मिळून, थोडं दाबायचं, सोडायचं, दाबायचं. रस्त्याच्या कडेला शेवाळ असतं, पांढरे पट्टे ओले झाले की साबण, पडलेला पाला तसाच. डबक्यातनं सायकल घालू नका, खाली खड्डा केवढा आहे ते वरनं दिसत नाही. धुकं आलं आणि पुढचा माणूस दिसेनासा झाला तर उतरा आणि कडेनं चालत चला.

फरशी पुलावरनं पाणी वाहत असेल तर ओलांडायचं नाही. गुडघ्याएवढं दिसलं तरी नाही, गावातला माणूस "जावा की, काय होत नाही" म्हणाला तरी नाही. थांबायचं, पाणी उतरतं.

जळवा, साप, ताप

जळवा लागणारच. घाबरू नका, दुखत नाही. ओढून काढायची नाही, नखानं तिच्या बारीक तोंडाकडनं हळू सरकवत सोडवायची, किंवा मीठ लावायचं. सुती फडक्यात मीठ बांधून पुरचुंडी ठेवली की बरी पडते. रक्त बराच वेळ वाहतं कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो, साबणानं धुऊन दाबून धरा, थांबतं.

सापांत सिंधुदुर्गात फुरसं जास्त बघायला मिळतं, लहान, मातकट, कातळावर आणि दगडाखाली. म्हणून चिरा उचलताना आधी काठीनं हलवा, अंधारात बॅटरीशिवाय पाय टाकू नका, सँडल सकाळी झटकून घाला. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, माणसाला आडवं करून, त्याला हातपाय हलवू न देता १०८ ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना, प्रतिविष तिथं असतं. रेंज नसेल तर समोरून येईल ती गाडी थांबवा.

लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप कोकणात पावसाळ्यात होतो, जनावरांच्या आणि उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातनं, जखमेवाटे. पायाला कापलं असेल तर भातशेतातनं, साठलेल्या पाण्यातनं चालू नका, जखम झाकून ठेवा. जायच्या आधी डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या का ते विचारा, आणि परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, अंग आणि पिंढऱ्या दुखल्या, तर डॉक्टरांना आठवणीनं सांगा की कोकणात पाण्यातनं फिरून आलोय. सोलापुरात हे कुणाच्या चटकन डोक्यात येत नाही.

परत आल्यावर

दमून घरी येता, सामान कोपऱ्यात टाकून झोपता, आणि दोन दिवसांनी टेन्ट उघडला तर काळे ठिपके. बुरशी लागलेला टेन्ट परत नीट होत नाही. म्हणून आल्या दिवशीच गच्चीवर पसरा, आपल्याकडं ऊन असतंच, तासाभरात खडखडीत वाळतो, मात्र दिवसभर उन्हात ठेवू नका, कापड कमजोर होतं. सायकल प्रेशरच्या पाण्यानं धुऊ नका, त्यानं चिखल बेअरिंगमध्ये घुसतो, साध्या पाण्यानं आणि ब्रशनं धुवा, चेन काढून डिझेलमध्ये बुडवा, आणि दोन्ही हब आणि पेडलची बेअरिंग खोलून नवीन ग्रीस भरून घ्या. लाल माती आत राहिली तर दिवाळीपर्यंत ती बेअरिंग खाऊन टाकते.